एकाच पदार्थावर हात बसवला, तर आयुष्य सोपे होते का?

गंगापूररोडकर

पाहुणे येणार म्हटले की घरात पहिला प्रश्न ‘करायचे काय’ हा असतो आणि त्याचे उत्तर शोधण्यात स्वयंपाकाइतकाच वेळ जातो. माझे मत असे आहे की प्रत्येकाने एक पदार्थ, किंवा व्यवसायात असेल तर एक कसब, आपले म्हणून निवडावे, त्यात वर्षानुवर्षे हात बसवावा आणि बाकीच्या बाबतीत निःसंकोच साधे राहावे. आमच्याकडे तो पदार्थ मिसळ आहे. येणाऱ्याला ते ठाऊक असते, वाण्याची यादी ठरलेली असते, आणि किती माणसांना किती रस्सा लागेल याचा अंदाज हाताला आलेला असतो.

याचा अर्थ काम कमी होते असा मुळीच नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मटकीला मोड यायला बराच जास्त वेळ लागतो, तर मे महिन्यात तीच मटकी फडक्यात थोडी अधिक राहिली की चिकट होते आणि आंबूस वास धरते. काळ्या मसाल्यासाठी सुके खोबरे कमी भाजले तर रश्श्याला रंग चढत नाही आणि किंचित जास्त भाजले तर कडवटपणा येतो, जो मागाहून गूळ घालूनही पूर्ण जात नाही. मसाला तेल सुटेपर्यंत परतला नाही तर तर्री वर येत नाही. तेथे घाई चालत नाही. दहा पदार्थ आलटून पालटून करणाऱ्याच्या हाती हे बारकावे लागणे कठीण असते, कारण मागच्या वेळी आपण नेमके काय केले होते हेच तो विसरलेला असतो. मला कमी करायचे आहेत ते निर्णय, कष्ट नव्हेत.

शहराबाहेरच्या द्राक्षबागांमध्ये मिसळीची जी ठिकाणे आहेत, तेथे रविवारी सकाळी गाड्या लावायला जागा मिळत नाही. एकाच पदार्थामुळे कच्चा माल मोजका राहतो, शिल्लक माल वाया जात नाही आणि नव्या माणसाला काम लवकर शिकवता येते. घरालाही हेच तत्त्व लागू करावे, असे मला वाटते. विरोधी मते जरूर मांडावीत.

सिडकोतील गृहिणी

आपल्या मिसळीविषयी आदर ठेवून विचारते, आपल्या घरी सोमवार ते शनिवार दोन्ही वेळचा स्वयंपाक कोण करते? ‘माझा एकच पदार्थ’ ही चैन बहुधा त्याच माणसाला परवडते, ज्याच्यासाठी बाकीचे सर्व पदार्थ दुसरे कोणीतरी करत असते. आमच्या घरात सासऱ्यांना मधुमेह आहे, मुलाच्या डब्यात काल दिलेली भाजी आज चालत नाही, आणि चतुर्थी-एकादशीला निम्मे घर उपवासाला असते. सकाळच्या उरलेल्या पोळ्यांचा संध्याकाळी कुस्करा करणे, भाजी कमी पडते आहे असे दिसताच डाळीचे पीठ लावून ती वाढवणे, अचानक आलेल्या दोन माणसांना घरात आहे त्यातून जेवू घालणे, हेही कसबच आहे. फरक एवढाच की त्याला पदार्थाचे नाव नसते, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही.

रविवारच्या मिसळीचे कौतुक मात्र सोमवारपर्यंत चालते. त्या मिसळीसाठी कांदा कोण चिरतो आणि तेलकट पातेली कोण घासतो, हेही कृपया लिहावे.

गंगापूररोडकर

आपला प्रश्न रास्त आहे. मटकी निवडण्यापासून पातेली घासण्यापर्यंत त्या दिवशीचे काम माझ्याकडे असते. रोजचा स्वयंपाक मात्र बहुतांशी पत्नी करते. तथापि रोजच्या जेवणात एकच पदार्थ असावा असे माझे म्हणणेच नाही. मी पाहुणचाराविषयी आणि व्यवसायाविषयी लिहिले आहे.

निफाडचा बागाईतदार

व्यवसायाविषयी म्हणत असाल तर आमच्या तालुक्यात येऊन पाहावे. आम्ही एकाच पिकात हात बसवलेली माणसे आहोत. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरतानाची गोडी छाटणी, काडीवर कोणता डोळा ठेवायचा, विरळणी किती करायची, हे सर्व आम्हांला झोपेत विचारले तरी सांगता येईल. आपण लिहिता तसे निर्णय मात्र कमी झालेले नाहीत. छाटणी पंधरा दिवस आधी घ्यावी की नंतर, या एका निर्णयावर अख्खे वर्ष टांगलेले असते, आणि माल तयार असताना एका रात्री अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. गारपीट झाली तर बोलायलाच नको.

2010 साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले आणि भारतीय माल तेथे अडकला. त्यात लागवडीचे कसब कमी पडले नव्हते. द्राक्षे दिसायला आणि खायला उत्तमच होती. ज्या घरात शेजारच्या तुकड्यात कांदा, टोमॅटो किंवा दोन गाई होत्या, त्या घराला ते वर्ष काढता आले. मिसळवाल्याला उद्या वडापाव सुरू करता येतो. वेल लावल्यानंतर फळ यायलाच दीड-दोन वर्षे जातात आणि मंडपाचा खर्च आधीच जमिनीत गेलेला असतो. एकाच गोष्टीवर सर्व भार टाकण्याचा सल्ला देताना ती गोष्ट बदलायला किती वेळ लागतो, हे आधी विचारावे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

मूळ लेखकांच्या बाजूने एक दाखला देतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात जॅमचे 24 प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के लोकांनी खरेदी केली. 6 प्रकार मांडले तेव्हा सुमारे 30 टक्के लोकांनी. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की 2010 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पर्याय वाढल्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी पर्यायांनी माणूस गोंधळतो, काही ठिकाणी खूश होतो.

शिवाय ॲडम स्मिथने 1776 साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले होते, ज्यात काम वाटून घेतल्यामुळे 10 माणसे दिवसाला 48,000 टाचण्या करत. त्याच ग्रंथात पुढे त्यानेच बजावले आहे की आयुष्यभर दोन-चार साध्या क्रिया करत राहणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते. पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा फारसा कोणी सांगत नाही.

जुन्या नाशकातून

ही चर्चा जणू प्रत्येकाने आपले कसब स्वतः निवडले आहे अशा थाटात चालली आहे. आपल्या गावगाड्यात ‘एक माणूस, एक काम’ ही रीत शतकानुशतके होती. ती निवड नव्हती, जन्माने गळ्यात पडलेली गोष्ट होती. कुंभाराच्या पोराने मडकी घडवायची, चांभाराच्या पोराने चामडे कमवायचे, आणि ज्यांच्या वाट्याला गावाची घाण आली त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उपसायची. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली मांडले. त्याच्या आदल्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात. पैठणीसाठी येवल्याला जाणाऱ्यांपैकी कितीजण ही गोष्ट आठवतात, कोण जाणे.

माझ्या आजोबांच्या पिढीला दुसरे काम शिकायला मिळणे हीच मुक्ती वाटली. एका कामात रमण्याचे सुख ज्याला ते सोडण्याची मुभा आहे त्याचे असते.

येवल्याचा विणकर

येवल्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. मी हातमागावर पैठणी विणतो आणि दुसरे काही करत नाही. टाचणीचा दाखला आमच्या कामाला लागू होत नाही, हे विद्यार्थी मित्राला सांगावेसे वाटते. रेशीम रंगवणे, कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे वेगवेगळ्या हातांत असतात हे खरे, पण पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने ताण्याच्या धाग्यांतून काढावी लागते. एका ओळीत मोराच्या मानेपाशी रंग कोठे बदलायचा, हे दर वेळी पाहावे लागते. अस्सल हातमागाच्या पैठणीची उलटी बाजूही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, कारण धागे मागे मोकळे सोडलेले नसतात. भरगच्च पदराच्या साडीला काही महिने लागतात. या कामात बुद्धी मंदावत नाही. लक्ष जरा हलले तर विणलेले उसवावे लागते.

पण आयुष्य सोपे झाले का, असे विचाराल तर उत्तर वेगळे आहे. यंत्रमागावरची नक्कल बाजारात स्वस्त मिळते आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, तशी मागणी थांबली. ज्या विणकराला रेशीम व्यापारी पुरवतो आणि साडीही तोच उचलतो, त्याच्या कसबाचा भाव तो विणकर ठरवत नाही. कसब एक असायला माझी हरकत नाही. गिऱ्हाईक एकच असणे घातक आहे.

गंगापूररोडकर

विणकर बंधूंनी जे वेगळे करून दाखवले, ते मला अधिक नेमके वाटते. पाहुण्यांना मिसळ वाढणारा माणूस त्या मिसळीवर पोट भरत नाही, म्हणून घरगुती बाबतीत माझे मत कायम आहे. व्यवसायाच्या बाबतीत मात्र जमिनीत पैसा गाडून बसलेल्या बागाईतदाराला मी हा सल्ला देणार नाही. बागेतल्या मिसळवाल्यालाही धोका नसतो असे नाही, कारण लासलगावला कांद्याचा भाव चढला की काही ठिकाणी बशीत कोबी दिसू लागते. जन्माने लादलेल्या कामाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. निवड आपली असेल तरच माझे म्हणणे उभे राहते.

सिडकोतील गृहिणी

घरगुती बाबतीत मत कायम असेल तर एक अडचण सोडवून द्यावी. नवरात्रात पाहुणे आले आणि त्यांना उपवास असेल, तर आपली मिसळ कोणाच्या उपयोगाची?

गंगापूररोडकर

त्यावर उपाय आहे. उपवासाची मिसळ आम्ही करतोच: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, त्यावर दाण्याची आमटी आणि बटाट्याचा चिवडा.

सिडकोतील गृहिणी

हे चार पदार्थ झाले. यात ना मटकी आहे, ना काळा मसाला, ना तर्री. साबुदाणा किती पाण्यात भिजवायचा म्हणजे गोळा होत नाही आणि दाण्याची आमटी कधी उतरवायची म्हणजे फुटत नाही, हे आपल्याला मिसळीने शिकवलेले नाही. ते ज्यांच्याकडून शिकलात, त्या रोजच्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाही या धाग्यावर लिहायला सांगावे. त्यांचे मत वाचायला मला आवडेल.