अमेरिकी लढाया कोणी घडवल्या: बंदूक घडवणाऱ्यांनी की ती मंजूर करणाऱ्यांनी?

बखरकार

अमेरिकेचा लष्करी इतिहास सांगताना ग्रँट, पर्शिंग, पॅटन या सेनापतींवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि जॉन ब्राउनिंग किंवा जॉन गॅरंड या बंदुका घडवणाऱ्यांची एका ओळीत बोळवण होते. माझ्या मते हा अन्याय आहे. ब्राउनिंग हा यूटामधील ऑग्डेनच्या बंदूक कारागिराचा मुलगा. मे १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यानंतर लगेचच, त्याने स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत आपली पाण्याने थंड राहणारी मशीनगन चाचणीला आणली आणि तिने २०,००० गोळ्या विनातक्रार झाडल्या. ही बंदूक खास चाचणीपुरती घोटून आणली असावी, अशी शंका उपस्थितांना येणार हे ओळखून त्याने दुसरीही सोबत आणली होती. ती सलग ४८ मिनिटे १२ सेकंद चालली.

गॅरंडचेही तसेच. १९३६ साली स्वीकारलेल्या त्याच्या एम-१ रायफलीत आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप अंगठ्याने वरून दाबून बसवली, की सैनिकाने फक्त चाप ओढत राहायचे. समोरचा जर्मन किंवा जपानी शिपाई मात्र प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करत असे. अमेरिकी पायदळाची पुढे सरकण्याची पद्धतच या फरकावर उभी राहिली, असे मला वाटते.

दारूगोळा (प्रतिसाद: असहमत)

आपण दोन्ही उदाहरणे मंजूर झालेल्या शस्त्रांची घेतली आहेत, त्यामुळे निष्कर्ष आधीच ठरून गेला आहे. नामंजूर झालेल्यांकडे पाहू. हायरम मॅक्सिम मूळचा मेन राज्यातला. पण त्याने आपली स्वयंचलित मशीनगन १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये सिद्ध केली आणि अमेरिकी लष्कराने ती वीस वर्षांनी, १९०४ साली स्वीकारली. आयझॅक लुईस तर खुद्द अमेरिकी लष्कराचा अधिकारी. लष्कराची शस्त्रे मंजूर करणाऱ्या आयुध खात्याचे प्रमुख जनरल क्रोझियर यांच्याशी त्याचे जमले नाही, तेव्हा तो आपली हलकी मशीनगन घेऊन बेल्जियमला गेला आणि पुढे ती ब्रिटिशांनी हजारोंच्या संख्येने वापरली. १९१८ मध्ये लुईस गनवर शिकून फ्रान्सला पोहोचलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांकडून त्या काढून घेण्यात आल्या आणि चिखलाने सहज अडकणारी शोशा ही फ्रेंच हलकी मशीनगन त्यांच्या हाती देण्यात आली. आराखडा उत्तम होता, आराखडाकार आपलाच होता. लढाई मात्र शोशाने झाली. इथे इतिहास कोणी घडवला?

बखरकार

लुईसचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने वळतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात आयुध खात्याचे प्रमुख रिप्ली यांना स्पेन्सर या कारागिराची, एकदा भरली की सात गोळ्या झाडणारी रायफल नको होती, कारण त्यांच्या मते शिपाई काडतुसे उधळतील. तरीही कर्नल वाइल्डरच्या ब्रिगेडने त्या रायफली मिळवल्या आणि जून १८६३ मध्ये हूव्हर्स गॅप येथे त्यांचा प्रताप दाखवला; ऑगस्टमध्ये स्पेन्सर थेट लिंकनना भेटला आणि पुढच्याच महिन्यात रिप्ली पदावरून गेले. चांगले शस्त्र खात्यालाही फार काळ अडवता येत नाही.

कोठीवाला (प्रतिसाद: दोघांशीही अंशतः असहमत)

आराखड्याचा प्रभाव नेहमी भल्यासाठीच असतो, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. ब्राउनिंगचीच बीएआर, म्हणजे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल, पाहा. खंदकांवर चाल करून जाताना चालता चालता गोळीबार करता यावा, या १९१७ सालच्या गरजेतून ती जन्मली. मॅगझिन २० काडतुसांचे आणि तापलेली नळी रणांगणात पटकन बदलण्याची सोय नाही. तीच बंदूक दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियातही अमेरिकी तुकडीचा मुख्य आधार राहिली, तर जर्मन तुकडी एमजी-४२ या मशीनगनभोवती बांधलेली होती. इथे कारागिराने मृत्यूनंतरही लष्कराला जखडून ठेवले. (ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये, कारखान्यातच वारला, त्याची एम-२ ही जड मशीनगन त्यानंतर इतरांनी पूर्ण केली आणि ती अजून सेवेत आहे, हेही नोंदवतो.)

आणि उलट टोक म्हणजे रायफलींचा आराखडाकार यूजीन स्टोनर. व्हिएतनाममध्ये त्याच्या आराखड्यावरून बनलेली एम-१६ रायफल पोहोचली तेव्हा काडतुसातली दारू बदललेली होती, नळीत काडतूस बसते त्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचे साहित्य पुरेसे दिले नव्हते. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी आत अडकली, की भर चकमकीत नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ढकलावी लागे. १९६७ साली काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी करून दारूच्या बदलावर कडक ताशेरे ओढले.

दारूगोळा

कोठीवाला यांच्या दुसऱ्या उदाहरणाने माझे काम सोपे केले. स्टोनरच्या रायफलीतला बिघाड रेखाटनाच्या कागदावर शोधून सापडत नाही. तो दारूखरेदीच्या निर्णयात सापडतो. गॅरंडचेही पाहा. त्याची रायफल आधी .२७६ इंची काडतुसासाठी होती. १९३२ साली लष्करप्रमुख मॅकआर्थर यांनी ते काडतूस नाकारले, कारण जुन्या .३० च्या काडतुसांचा साठा कोठारांत पडून होता, आणि गॅरंडला तिचा आराखडा मोठ्या काडतुसासाठी जुळवावा लागला. बखरकार ज्या आठ गोळ्यांचे कौतुक करतात, त्या .२७६ च्या रायफलीत दहा होत्या.