पांडवकडा : कायमचं कुलूप की शिस्तीतला साधा मुक्काम?

रानवाट_खारघर

पाऊस लागला की नवी मुंबईतल्या खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर दरवर्षी तेच चालतं. रस्त्यावर पोलीस, मनाई आदेशाचा फलक आणि फलकाच्या बाजूच्या झुडपातून आत शिरणारी पोरं. ऑगस्ट २०१९ मध्ये चार कॉलेज विद्यार्थिनी इथे वाहून गेल्या. तेव्हाही बंदी होतीच.

माझं म्हणणं असं. जून ते सप्टेंबर बंदी राहावी, उलट आणखी कडक व्हावी. पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत वनखात्याने इथे मोजक्या लोकांसाठी साधा रानमुक्काम सुरू करावा. वीज नको, स्पीकर नको, जनरेटर नको, पक्कं बांधकाम तर नकोच. एका रात्री वीस-पंचवीस माणसं, ज्याचा तंबू त्याने आणायचा, नोंदणी आधी करायची आणि सोबत डोंगरावरच्या पाड्यांतला वाटाड्या घ्यायचा. शेकोटी नाही, स्वयंपाक छोट्या गॅसवर.

शंभर मीटरहून उंच कडा, खाली ऐन-कुड्याचं रान, आणि हे सगळं रेल्वे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर! नवी मुंबईतल्या मुलांनी रात्रीचं रान बघायचं कुठे? लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा, बार्बेक्यू आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. तो मुक्काम नव्हे, उघड्यावरची पार्टी आहे. ज्या पोराने एकदा अंधारात गप्प बसून रातवा पक्ष्याची साद ऐकलीय ते पोर बाटली फोडणार नाही, असं मला मनापासून वाटतं. कायम कुलूप लावून आपण जंगल वाचवत नाही, फक्त चांगल्या माणसांना बाहेर ठेवतो. घुसणारे घुसतातच.

येऊरचा_शेजारी

कडाडून विरोध. येऊर डोळ्यांसमोर असताना हे सुचतं तरी कसं?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. बिबट्याचं रान. २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. कागद चोख. तरी हॉटेलं आहेत, खेळायची टर्फ मैदानं आहेत, लग्नसराईत लाउडस्पीकर आणि फटाके आहेत. अनधिकृत बांधकामांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. "थोडीशी सोय" कधी थोडीशी राहत नाही. तंबूवाल्याला चहा लागतो, चहावाल्याला छप्पर, छपराला वीज. आज तुम्ही वीस म्हणताय, तीन वर्षांनी कोणीतरी शिफारसपत्र आणून शंभर करेल.

आणि रान बघायला रात्रीच कशाला जायला हवं? रात्र ही रानातल्या जिवांची वेळ. ती तरी त्यांना राहू द्या.

सेक्टर_पाचची_आई

मी कड्याच्या पायथ्याशीच राहते. रविवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला काय पडलेलं असतं ते रोज चालायला जाणाऱ्यांना विचारा. सोसायटीतल्या आम्ही बायका पोती भरून आणतो, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आधी दिवसाची गर्दी आवरून दाखवा, मग रात्रीचं बोला.

रानवाट_खारघर

येऊरचे शेजारी, तुमच्या उदाहरणातली हॉटेलं आणि टर्फ ही परवानगी नसताना उभी राहिली, नियमातल्या मुक्कामामुळे नाही. ताईंचा कचऱ्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आणि त्यावर उपाय जवळच आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या फाटकावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परत येताना त्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. इथे फाटकच नाही, म्हणून कोणी मोजतही नाही.

येऊरचा_शेजारी

कर्नाळा संध्याकाळी बंद होतं. १९६८ पासूनचं अभयारण्य, तिथेसुद्धा संध्याकाळनंतर रानात फिरू देत नाहीत. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

दोरवाला

मी बचावपथकांसोबत काम करतो. दोन्हीकडच्यांनी पाण्याचा विचार नीट केलेला दिसत नाही.

लोकांना वाटतं धोका कड्याखाली आहे. तिथे आहेच, वरून दगड येतात. पण जास्त माणसं अडकतात ती वाटेतला ओढा ओलांडताना. सकाळी घोटाभर पाण्यातून पलीकडे जातात. दुपारी वर पठारावर सर कोसळते, खाली मात्र ऊन असतं. आधी पाणी गढूळ होतं, मग काटक्या आणि पाचोळा वाहत येतो, मग आवाज जड होतो. हे तिन्ही दिसल्यावर हातात काही मिनिटंच असतात आणि आपली मंडळी त्या वेळी डबे आवरत असतात. मागे राहिलेला मित्र अलीकडे आहे म्हणून दोघं-तिघं हात धरून पाण्यात उतरतात, आणि शेवाळलेल्या कातळावर एकाचा पाय सुटला की सगळेच जातात. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या आर्टिस्ट कॉलनीमागे साठेक जण असेच पलीकडे अडकले होते. पाणी ओसरेपर्यंत थांबणं हाच खरा उपाय, पण भूक लागलेला, भिजलेला माणूस थांबत नाही. वाटाड्या असेल तर तो थांबवतो. म्हणून वाटाड्याची अट मला पटते.

पण धागाकर्त्याने ऑक्टोबर कसा धरला? परतीच्या पावसात दुपारनंतर विजा आणि ढगफुटीसारखी सर येते. तंबू ओढ्याकाठी सपाट जागा बघून लावले जाणार आणि रात्री पाणी चढलं तर काळोखात जाणार कुठे? नोव्हेंबरच्या आधी नाव काढू नका.

कातळफूल

मग उरलं काय? नोव्हेंबरअखेर धार करंगळीएवढी होते, पुढे कातळ कोरडा. डिसेंबरात गवत वाळतं आणि एका काडीने डोंगर पेटतो. या टेकड्यांवरचे वणवे आपण दरवर्षी घराच्या खिडकीतून बघतो. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, तरी लागतेच.

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही. शौचाचं काय? रानात मुक्काम करणाऱ्यांचा साधा नियम आहे: पाण्यापासून साठेक मीटर लांब जाऊन वीतभर खोल खड्डा करायचा. इथे कातळावर चार बोटं माती आहे. खड्डा होणार कसा? रोज पंचवीस माणसांची घाण पहिल्या पावसात थेट ओढ्यात. मग शौचालय बांधा म्हणाल, की आलं पक्कं बांधकाम.

रानवाट_खारघर

शौचाचा मुद्दा खरोखर अवघड आहे. झाकणाच्या डब्यांत गोळा करून खाली आणणं शक्य आहे, हिमालयातल्या काही मोहिमा तसंच करतात. खर्च मुक्कामींनी भरावा. आणि धार आटली तरी माझ्यासाठी रान आटत नाही. धबधब्यासाठीच येणारे आले नाहीत तर बरंच.

डोंगरावरचा

मी वरच्या पाड्यातला. इतका वेळ वाचत होतो. वाटाड्या वाटाड्या सगळे म्हणताय, पाड्यातल्यांना विचारायचं कोणी म्हणालं नाही.

फुटलेल्या बाटल्यांच्या काचा आमच्या गुरांच्या खुरात जातात. नशेत वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री आम्हीच बॅटरी घेऊन उतरतो, आणि सकाळी पोलिसांचे प्रश्नही आम्हालाच. आमच्या पोरांना काम मिळालं तर मला आनंदच आहे. बारावी झालेली पोरं खाली सिक्युरिटीच्या नोकरीला जातात, त्यापेक्षा हे काम इज्जतीचं. पण पैसा कोणाच्या खात्यात जाणार? गावच्या वन समितीच्या खात्यात जाणार असेल तर बसून बोलू. ठेका बाहेरच्याला मिळाला तर आमच्या वाट्याला झाडलोट येणार, हे आम्ही बघितलंय.

आणि रात्रीचा मुक्काम पाड्याच्या बाजूला नको. बायका पहाटे पाण्याला, सरपणाला निघतात. अनोळखी माणसं तंबूत झोपलेली असताना त्यांनी त्या वाटेने का जायचं?

सेक्टर_पाचची_आई

दादा, हे आधी यायला हवं होतं. दिवसाची फेरी, सकाळी सात ते दुपारी तीन, पाड्यातलेच वाटाडे, फाटकावर सामान मोजणी, पैसे समितीला. एवढ्यासाठी अर्ज करणार असाल तर आमच्या सोसायटीच्या सह्या मी आणते. मुक्कामाला माझी सही मिळणार नाही.

येऊरचा_शेजारी

दिवसाच्या फेरीला माझी हरकत नाही. पण अर्जात "मुक्काम" कुठेही, "पुढील टप्पा" म्हणूनसुद्धा, येऊ देऊ नका.

रानवाट_खारघर

दिवसाच्या फेरीचा अर्ज लिहायला घेतो. पण मुक्कामाची मागणी मी सोडलेली नाही, ती वेगळ्या अर्जात माझ्या एकट्याच्या नावाने जाईल. डोंगरावरचे दादा, पाड्याची बैठक कधी असते ते कळवा. मसुदा पाठवण्याआधी तिथे येऊन वाचून दाखवतो.

डोंगरावरचा

भातकापणी उरकू दे. त्यानंतर या, संध्याकाळी, सगळी माणसं घरी असतात.