मदत हवी आहे: कोकाच्या शेतीचा इतिहास (कोको नाही, कोका!)

नमस्कार मंडळी, वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात वीस मिनिटं बोलायचंय आणि मी उत्साहाच्या भरात हा विषय घेऊन बसलोय. (कोका म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं एक झुडूप, त्याची पानं तिथे चघळतात.) आधी सगळ्यांना वाटलं चॉकलेटवर बोलणार, कोका म्हटल्यावर एक काका म्हणाले, अरे ते कोकेन ना, नको रे बाबा. कोकेन पानातून वेगळं काढलं १८६० च्या आसपास जर्मनीत, शेती त्याच्या हजारो वर्षं आधीची, हे कसं पटवू?

जमलंय ते असं. पेरूच्या नानचोक खोऱ्यात साधारण ८००० वर्षांपूर्वी लोक पानं चघळायचे, सोबत चुना! म्हणजे आपल्या तंबाखू-चुन्यासारखंच, चुना किंवा राख नसेल तर पान लागत नाही. बोलिव्हियाच्या युंगासमध्ये डोंगरउतारावर पायऱ्या पाडून शेती, रोपं आधी वाफ्यात, मग लावणी, वर्षातून तीन-चार तोडण्या, आणि पानं लगेच उन्हात वाळवायची, भिजली की काळी पडतात, त्यामुळे आभाळ आलं की आपल्याकडे पापड गोळा करायला होते तशीच पळापळ.

अडलंय इथे: १५६७ मध्ये पेरूतल्या लिमाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने कोकाचा निषेध केला, मूर्तिपूजेचं पान म्हणून. मग स्पॅनिश राजवटीत मळे कमी व्हायच्या ऐवजी वाढले कसे??

प्रतिसाद १: पैसा, दुसरं काय! १५४५ ला आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची चांदी सापडली, खाणीतले मजूर पानाशिवाय आत उतरायला तयार नसत, म्हणून व्यापाऱ्यांनी मळे वाढवले. आणि गंमत बघा, कुस्कोच्या बिशपचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात कोकाच्या दशांश करातूनच यायचं, बंदी घालणार कोण? १५६९ मध्ये राजा दुसरा फिलिप यानेही पानावर बंदी न घालता मजुरांना जपा एवढंच सांगितलं. मळ्यांवरचे हाल मात्र नक्की सांग, थंड पठारावरची माणसं दमट खोऱ्यात नेली, तिथे माशी चावून होणाऱ्या रोगाने नाकं झडायची.

धागाकर्ता: बापरे, नाकाचं माहीतच नव्हतं. सुरुवात तिथूनच करतो, काका पण ऐकतील. युंगासच्या पायऱ्यांचे चांगले फोटो कुणाकडे असतील तर टाका प्लीज, प्रोजेक्टर मिळणार आहे.