मदत हवी आहे: अभंग, लावणी, गझल आणि वॉल्ट्झ एकाच मंचावर, पट्टी कुठली?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. ६ व्हायोलिन, २ क्लॅरिनेट, बासरी, हार्मोनियम, तबला, ढोलकी असा ताफा.

अभंग आणि गझल गायकांना काळी १ (सी शार्प) पट्टीत हवेत. तिथे व्हायोलिनच्या मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारांचा उपयोग जवळजवळ संपतो, त्यामुळे जलद ओळीत सूर हमखास घसरतात. पांढरी १ (सी) घेतली तर व्हायोलिन सुटतात, बी फ्लॅट क्लॅरिनेटलाही (लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं) डी मेजर मिळतो, फक्त २ शार्प. पण काळी १ चा दायां (उजव्या हाताचा तबला) गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, सैल करून अर्धा स्वर उतरवला की चाटीचा (कडेचा) नाद बोदा होतो.

दुसरी अडचण उकाड्याची. हवा तापली की क्लॅरिनेट आणि बासरी चढतात, पोलादी तारा उतरतात, हार्मोनियम मात्र जागचं फारसं हलत नाही. म्हणून सगळ्यांनी हार्मोनियमलाच मिळवायचं ठरवलंय.

दोन गोष्टी सांगा:
पांढरी १ चा, पावणेसहा इंची पुडीचा (वरच्या चामड्याचा) दायां दोन दिवसांसाठी कुणाकडे मिळेल का?
काळी १ ची गाणी सलग घ्यावीत की मध्यंतरानंतर? लावणीनंतर ढोलकी पुन्हा लावायला किती मिनिटं धरावीत?