सांगलीची मीडियम वेव्ह डोंगरी कोल्हापूरसाठी राहायलाच हवी. तुमचं मत?

डोंगरकपारी
आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत देशभरातले जुने मीडियम वेव्ह (म्हणजे रेडिओचा जुना एएम पट्टा) ट्रान्समीटर बंद करत आणलेत. सगळा जोर एफएमवर आहे. आपल्या भागाला दोन आवाज आहेत: कोल्हापूर आकाशवाणी 102.7 एफएमवर आणि 1963 पासूनची सांगली आकाशवाणी 1251 किलोहर्ट्झवर. शहरात बसून ‘एफएम आहे की, मीडियम वेव्ह कशाला’ म्हणणं सोपं आहे. पण एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते; मध्ये डोंगर आला की पलीकडचं गाव सावलीत. मीडियम वेव्ह जमीन धरून लांबवर पोचते. गगनबावडा, शाहूवाडीची पश्चिम बाजू, राधानगरीच्या वरची गावं यांचा विचार कोण करणार?

आमचे थोरले मामा राधानगरी तालुक्यात असतात. सेट खिडकीत ठेवून हळूहळू वळवतात. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटची अँटेना, सांगलीच्या दिशेला आडवी आली की आवाज उघडतो, आणि मग त्या सेटला कोणी हात लावायचा नाही. पीक सल्ला, बाजारभाव, हवामान सगळं त्यावरच. सांगलीचा हा मनोरा माझ्या मते जिल्ह्याच्या हक्काचा आहे.

शाहूपुरीकर
दादा, मामांबद्दल आदर आहे, पण मत पटलं नाही. मीडियम वेव्हचा मनोरा हीच अँटेना असते, खाली इन्सुलेटर आणि भोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं. त्याला मोठी जागा लागते आणि विजेचं बिल वेगळं. एवढं करून ऐकणार कोण? एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांनी घराघरात खरखर भरलीय. मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह येतच नाही. तोच पैसा डोंगरावर छोट्या एफएम रिलेला, म्हणजे दुसरीकडचा कार्यक्रम घेऊन पुढं पाठवणाऱ्या ट्रान्समीटरला लावा. 28 एप्रिल 2023 ला देशात 100 वॅटचे 91 एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले. तसाच एक गगनबावड्याला, एक आजऱ्याकडे बसवा, प्रश्न मिटला.

शिरोळचा शेतकरी
आमच्याकडे डोंगर नाही, पाणी आहे. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला त्यांना विचारा. पाणी चढलं की सुरक्षेसाठी वीज तोडतात. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते, पुढं डिझेल कोण आणि कशातून नेऊन घालणार? फोन असला तरी चार्जिंग संपलेलं. पेन्सिल सेलवरचा रेडिओ मात्र दिवसचे दिवस बोलतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे आमच्या पोरांनासुद्धा पाठ आहे. पण आत्ता किती फूट, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे कोणीतरी सांगावं तर लागतं. व्हॉट्सअॅपवर तेव्हा धरण फुटल्याच्या अफवा फिरतात, माणसं भिऊन रात्री घर सोडतात.

आयटीवाली पोरगी
काका, पुरातली अडचण मान्य. पण रोजच्या 365 दिवसांचं काय? आकाशवाणीचं अॅप आहे, त्यावर सांगलीसुद्धा लागते. माझ्या वयाच्या कुणाकडं सेट नाही. केंद्राने 2023 मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधलं एफएम चालू ठेवायला सांगितलं, त्याचा पाठपुरावा करूया. वायरचा इअरफोन लावला की तोच अँटेना, इंटरनेट लागत नाही. हा रेडिओ आधीच खिशात आहे.

डोंगरकपारी
खिशात आहे, पण सावलीत तो काय पकडणार? शाहूपुरीकर, रिलेला माझा विरोध नाही. पण त्यावर लागणार काय? उपग्रहावरून आलेलं विविध भारती किंवा मुंबईचा कार्यक्रम लावला तर गाणी पोचतील, पंचगंगेची पातळी नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र जसंच्या तसं लावायची परवानगी आहे. म्हणजे स्थानिक माहितीचं काम फिरून आकाशवाणीवरच येतं. म्हणून आधी रिले उभा करा, त्यावर कोल्हापूर-सांगलीचाच कार्यक्रम लावा, एक पावसाळा चालवून दाखवा, मग 1251 बद्दल बोला.

शाहूपुरीकर
कार्यक्रम स्थानिकच हवा, हे शंभर टक्के बरोबर. पण त्यासाठी जुना मनोरा चालू ठेवणं गरजेचं नाही. 100 वॅटचा रिले सोलर आणि बॅटरीवर पुरात सुद्धा तग धरेल. किलोवॅटमध्ये वीज खाणारा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर जनरेटर बंद पडला की गप्प. सुट्या भागांची बोंब वेगळीच. ‘आधी रिले, मग बंद’ म्हणत राहिलो तर दोन्हीकडं अर्धवट पैसा जाईल आणि मामांना दोन्ही लागणार नाही.

शिरोळचा शेतकरी
एक रिले बंद पडला तर दुसरा कुठाय? डोंगरावर वीज पडली, वाट खचली, तर भर पावसात तिथं माणूस जाणार कसा? 1251 असलं तर निदान दुसरा आवाज राहतो, हे मला मोठं वाटतं. ग्रामपंचायतीत एक सेट आणि सेलचं पाकीट जूनच्या आधी ठेवा, एवढं तरी तुम्ही दोघंही मान्य कराल का?

शाहूपुरीकर
ते आजच करा. सेट दोन्ही बँडचा घ्या, म्हणजे आपला वाद मिटेपर्यंत तो अडून राहणार नाही.