मदत हवी आहे: इंग्लंडमधलं मुलीचं स्टुडंट लोन पगारातून फिटायला किती वर्षं लागतात? आम्ही भरून टाकावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरला राहतो, २००९ ला हे वर्क व्हिसावर आले तेव्हापासून इथेच. मोठी लेक २०१८ ला मायक्रोबायॉलॉजीला गेली, २०२१ ला डिग्री झाली, आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पगार वर्षाला ३४ हजार पाउंड धरा. शिकताना सरकारी स्टुडंट लोन घेतलं होतं, प्लॅन २ वालं (तिच्या वेळच्या मुलांना लागू असलेले फेडीचे नियम). फी वर्षाला ९,२५० म्हणजे तीन वर्षांची २७,७५०, वर राहण्याखाण्याचं मेंटेनन्स लोन आणि शिकत असतानाचं व्याज, सगळं मिळून डिग्री झाली तेव्हा ४६ हजारांच्या आसपास होतं. परवा तिने लॉगिन करून दाखवलं तर ५४ हजार!! दर महिन्याला पगारातून कापले जातायत आणि कर्ज आठ हजारांनी वाढलंय, मला तर धस्सच झालं.

तिची पेस्लिप बघितली. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन आणि त्याच्याखाली एक छोटी ओळ, स्टुडंट लोन, ४१ पाउंड. डिसेंबरात जादा शिफ्ट केल्या होत्या त्या महिन्यात ८३. ती म्हणते २०२५-२६ ला वर्षाला २८,४७० च्या वर जेवढं कमावते त्याच्या ९ टक्के जातात, कर्ज किती आहे त्याचा कापण्याशी काही संबंधच नाही, आणि एप्रिल २०५२ ला जे उरेल ते रद्द. "आई, तो टॅक्स समज आणि सोडून दे."

पण ह्यांना ते पटत नाही. माझे सासरे कराडजवळ आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी होते, आयुष्यभर लोकांच्या कर्जाच्या वह्या सांभाळल्या, त्यांचं एकच म्हणणं असायचं की व्याज मुद्दलाला गाठायच्या आत मोकळं व्हा, दामदुप्पट झालं की माणूस उठत नाही. ह्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलंय की आकडा बघितल्यापासून नीट जेवलेले नाहीत. गावची थोडी जागा विकून आमच्या वाट्याला २५ हजार पाउंड आलेत, ते सगळे तिच्या लोनवर टाकायचे म्हणतात, निम्मं तरी ओझं उतरेल. आणि शेवटी रद्द होतं हे सांगितलं की म्हणतात ती कर्जमाफी झाली, आपल्या लेकीने घेतलेलं बुडवायचं का.

मला दोघांचंही पटतं त्यामुळे मधल्यामध्ये मी अडकलेय. तर विचारायचं एवढंच की ह्या पगारात हे फिटायला खरंच किती वर्षं लागतील? २५ हजार भरले तर किती कमी होतील? लग्नानंतर ती दोन वर्षं पुण्याला जाऊन राहायचं म्हणतेय, तेव्हा काय होतं? कुणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, उगाच घाईत पैसे जायला नकोत.

प्रतिसाद १

ताई, आधी दादांना जेवायला सांगा, हे सोसायटीच्या वहीतलं कर्ज नाहीये. मी स्वतः प्लॅन २ वर आहे आणि कामही अकाउंट्सचंच करतो, म्हणून आकडे मांडून सांगतो.

तिचे वर्षाला कापले जातात साधारण ४९८. व्याजाचा दर २०२५-२६ ला पगाराप्रमाणे ३.२ ते ६.२ टक्के, तिच्या पगाराला जेमतेम ३.९ बसतो, म्हणजे ५४ हजारांवर वर्षाला २,१०० च्या वर व्याज. भरतेय पाचशे आणि चढतायत एकवीसशे. तेव्हा किती वर्षं ह्याचं खरं उत्तर असं की ह्या पगारात ते फिटणारच नाही, २०५२ पर्यंत चालेल आणि उरलेलं रद्द होईल. आकडा नुसता वाढायचा थांबायला सुद्धा पगार ६५-६६ हजारांवर जावा लागेल, कारण ५१ हजारांच्या पुढे पूर्ण ६.२ लागतो.

आता तुमचे २५ हजार भरले असं धरा. उरले २९ हजार, त्यावर व्याज अकराशेच्या वर, कापणार तेच ४९८. म्हणजे पुढच्या महिन्याच्या स्लिपवर परत ४१ च. एक पाउंड कमी होणार नाही!! आणि पुढच्या २६ वर्षांत तिचा सरासरी पगार ४५ हजार धरला तरी २०२५-२६ च्या नियमाने वर्षाला १,४८८, एकूण ३८-३९ हजार. तेही ५४ पेक्षा कमीच. अर्धवट भरणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. भरायचंच तर सगळं, आणि तेही पुढच्या चार-पाच वर्षांत तिचा पगार ८०-९० हजारांवर जाणार अशी खात्री असेल तर.

एप्रिल २०२६ पासून पगारातून कापायची मर्यादा २९,३८५ आहे, पण २०२७ पासून तीन वर्षं तिथेच गोठवणार आहेत, म्हणजे पगार वाढेल तसं जास्त कापलं जाणार. माझ्या मते हे पोरांवर अन्यायाचं आहे, सही केली तेव्हा असं कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्याला जाणार असेल तर जायच्या आधी लोन कंपनीला कळवायला सांगा, मिळकतीचे कागद द्यावे लागतात. भारतासाठीची मर्यादा इथल्यापेक्षा बरीच कमी असते. कळवलं नाही तर ते परस्पर दरमहा ठरावीक रक्कम लावतात, ती जड जाते.

आणि दादांना सांगा, कर्जमाफी म्हणजे देणारा नंतर सोडून देतो ती. हे घेतानाच ठरलेलं आहे, ३० वर्षं मिळकतीप्रमाणे दे, पुढे नाही. ती एक हप्ता चुकवत नाहीये, चुकवूच शकत नाही, पगार हातात यायच्या आधीच जातात. बुडवणं कसं म्हणायचं?

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. आम्ही २०२१ ला मुलाच्या लोनवर १२ हजार भरले, आपल्याकडच्या सवयीने. त्याची स्लिप तशीच राहिली. दोन वर्षांनी त्याला घराच्या डिपॉझिटला नेमके दहा-बारा हजार कमी पडले, आपणहून भरलेले परत मिळत नाहीत, अजून तो भाड्याने राहतोय आणि मला दर वेळी त्याच्याकडे गेलं की वाईट वाटतं. हे लोन क्रेडिट रिपोर्टवर येत नाही, मॉर्गेज देताना फक्त महिन्याला किती कापतात तेवढं बघतात. आणि तिला काही झालं तर ते आई-वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या अंगावर येत नाही, ही भीती आम्हाला होती म्हणून सांगते. पैसे डिपॉझिटला ठेवा ताई.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पाठकोऱ्या कागदावर स्वतः सगळं परत मांडलं, २९ हजारांचं व्याज दोनदा केलं, मग लेकीला फोन करून विचारलं की घर कुठल्या भागात बघायचं म्हणतेस. ती रडलीच.

एक राहिलंय. धाकटा ह्या सप्टेंबरला जाणार, त्याला प्लॅन ५ लागेल ना? त्याच्या फीपुरते पैसे आमच्याकडे नाहीत पण मेंटेनन्सचे तरी आपण द्यावेत असं हे म्हणतायत.

प्रतिसाद १

हो, ऑगस्ट २०२३ पासून सुरू करणाऱ्यांना प्लॅन ५. त्यात व्याज फक्त महागाईएवढं, पण २५ हजारांच्या वर कापायला सुरुवात आणि रद्द व्हायला ४० वर्षं, त्यामुळे त्यात बरीच पोरं पूर्ण फेडतील. तिथे दादांचं म्हणणं जास्त लागू पडतं. त्याचा कोर्स कुठला ते सांगा, बसून आकडे काढू.