मिनरल मिक्श्चर गाईला लागतं की आपल्या मनाला?

गोठ्यावरचा:
वाद होणार माहितीये तरी लिहितो. दूध घटलं, मिनरल मिक्श्चर (कॅल्शियम, फॉस्फरस अशा खनिजांची पावडर). गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, मिनरल मिक्श्चर. माती चाटली तरी तेच. हिरवी वैरण, त्यात लसूणघासासारखा द्विदल चारा असेल तर पावडरीवाचून बरंच भागतं असं माझं मत. आधीच्या गाई काय पावडर खाऊन व्यायच्या?

रोजची_धार:
आधीच्या गाई दूध किती द्यायच्या तेही सांगा की! लिटरभर दुधात साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणजे २० लिटरवाली रोज २५ ग्रॅम नुसतं सडातून बाहेर टाकते, आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही ते वेगळंच. आमची एक दावं चघळायची, गोणपाट खायची, आम्ही म्हणायचो खोड आहे, तर फॉस्फरस कमी निघाला.

गोठ्यावरचा:
जंत झाले तरी गाय असलं काहीबाही खाते. आधी जंताचं औषध दिलं होतं का?

रोजची_धार:
दिलं होतं हो. काही फरक नाही.

वासरूवाली:
मी दोघांशीही भांडणार. आम्ही गाय आटवली, म्हणजे विण्याआधी दूध काढणं बंद केलं, आणि पुढचे दोन महिने कॅल्शियमची बाटली चालूच ठेवली, म्हटलं साठा होईल. व्यायली आणि दुसऱ्या सकाळी उठेचना, मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गारठोण. शिरेतून कॅल्शियम गेलं तेव्हा कुठे उभी राहिली. डॉक्टर चिडले, म्हणाले भाकड काळात आयतं मिळालं की हाडातलं कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, मग चीक सुटला की एकदम मागणी वाढते आणि गाय बसते. आम्ही आपले समजत होतो लाड करतोय.

रोजची_धार:
ती चूक वेळेची झाली, मिक्श्चरला कशाला दोष? भाकड गाईचं मिक्श्चर वेगळं असतं. दुभतीला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास, आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) कालवून, मोजून.

गोठ्यावरचा:
मोजून?? मूठ भरून टाकतात सगळे. सेलेनियम प्रमाणाबाहेर गेलं तर विषारी, आणि गाईचं मिक्श्चर मेंढीला टाकलं तर त्यातल्या तांब्यानं मेंढी दगावू शकते.

वासरूवाली:
मुठीचं म्हणाल तर आमच्या ह्यांची काट्यावर घातली. ९० ग्रॅम.